वाकड्या पोफळी

आयएसओ चांगलं की एमपीफोर, या वादात आमच्या घरातला एक डोळा गेला. दुसरा थोडक्यात वाचला. गावात ही गोष्ट निरनिराळ्या तऱ्हांनी सांगतात, आणि प्रत्येक तऱ्हेत शेवटी मलाच विचारतात, "गोदावहिनी, इतके दिवस तुमच्या कसं हो लक्षात आलं नाही?" नाही आलं. ज्यांना आपल्या नवऱ्याचं सगळं वेळच्या वेळी कळतं, त्यांना माझा कोपरापासून नमस्कार.

आमच्या ह्यांना मी तोंडाने कधी नावाने हाक मारलेली नाही. पण लिहिताना दर ओळीत 'हे' आणि 'ह्यांनी' करत बसले तर वाचणारा कंटाळेल. तेव्हा इथे यज्ञेश्वर म्हणते. टेलिफोन खात्यातून निवृत्त झाले आणि आम्ही गावी येऊन राहिलो. हरिहरेश्वरच्या थोडं अलीकडे आमचं गाव, घराच्या मागे पोफळी-नारळाची वाडी. मुलगी सई पुण्याला, संगणकाच्या नोकरीत. घरात आम्ही दोघं आणि यज्ञेश्वरांचे छंद.

छंद एक असता तर मी तक्रार केली नसती. आधी मधमाश्या झाल्या, मग जुने रेडिओ, मग पावसाचं पाणी मोजायचं यंत्र. प्रत्येक छंदात शास्त्रज्ञ ते आणि मदतनीस मी. मधमाश्या पाळल्या त्यांनी, चावल्या मला. त्यामुळे दिवाळीनंतर उत्सव मंडळाचा सचिव अजेय एक खोका घेऊन अंगणात उभा राहिला, तेव्हाच माझे पाय दुखायला लागले होते.

आमच्या गावात माघात देवाचा उत्सव असतो आणि उत्सवात गावकऱ्यांनीच बसवलेलं नाटक. शिक्षक, पोस्टातला कारकून, वाडीवाले, ज्याला वाटेल तो तोंडाला रंग लावतो. यज्ञेश्वरांनी मात्र कधी लावला नाही. ते प्रॉम्प्टर. नाटक कुठलंही असो, विंगेत स्टुलावर बसणार हेच, मांडीवर वही आणि हातात टॉर्च. वही नावालाच. सगळ्यांचे सगळे संवाद त्यांना पाठ असायचे. नटाने श्वास कसा घेतला यावरून त्यांना कळायचं, की हा आता अडकणार. आणि मग इतक्या हळू आवाजात शब्द यायचा, की नटालाच वाटावं आपल्याला आपोआप आठवलं.

मी त्या रंगमंचावर एकदाच उभी राहिले. मोठ्या वहिनीचं काम होतं. पानपानभर बोलायचं होतं आणि ते सगळं मी घडाघडा बोलले. मग कपबशी घेऊन आत यायचं आणि म्हणायचं, "भाऊजी, चहा निवतोय." एवढंच. आणि नेमकं तेच गेलं. कपबशी हातात, समोर अख्खं गाव, आणि डोक्यात नुसता वारा. मी मान वळवून विंगेकडे बघत राहिले. किती वेळ, ते गाव अजून वाढवून वाढवून सांगतं. शेवटी विंगेतून वाक्य आलं आणि मी ते म्हटलं. तेव्हापासून लग्नाकार्यात, वाण्याच्या दुकानात, एसटीच्या थांब्यावर, कुणीही मला हाक मारून सांगतं, "वहिनी, चहा निवतोय." एकदा तर चक्क स्मशानातून परत येताना एकाने म्हटलं होतं. आपलं हसं झालेलं माणूस विसरू शकतो, पण गाव विसरू देत नाही.

अजेयच्या खोक्यात उत्सवाच्या जुन्या नाटकांच्या डीव्हीडी होत्या. त्या काळी मंडळ दर वर्षी शूटिंग करून डिस्क काढायचं. "काका, यंदा अमृतमहोत्सव," अजेय म्हणाला. "दुपारच्या वेळी देवळात मोठा पडदा लावून ही नाटकं दाखवायचीत. पण खाऱ्या हवेने डिस्कांना बुरशी धरलीय. तुम्ही सगळ्या पेनड्राइव्हवर उतरवून द्या. एमपीफोर करा, म्हणजे कशावरही चालतील."

"एमपीफोर?" यज्ञेश्वरांनी असा चेहरा केला, की जणू अजेयने देवाला बिस्किटांचा नैवेद्य दाखवायला सांगितलं. "मी आयएसओ करीन."

मला या दोन शब्दांचा अर्थ त्याच संध्याकाळी जेवताना ऐकावा लागला आणि पुढे रोज ऐकावा लागला, म्हणून तुम्हालाही थोडक्यात सांगते. आयएसओ म्हणजे डिस्कची हुबेहूब नक्कल. डिस्कवर जे जसं आहे तसं सगळं एका भल्यामोठ्या फाइलमध्ये. एमपीफोर म्हणजे तेच चित्र दाबून, डोळ्याला कळणार नाही असं बारीकसारीक गाळून केलेली लहान फाइल. मी मनाशी असं समजून घेतलं, की एक म्हणजे अख्खा नारळ माळ्यावर ठेवणं आणि दुसरं म्हणजे खोबरं खोवून डब्यात भरणं. हे मी बोलून दाखवलं, तर यज्ञेश्वर खूश झाले. म्हणाले, "बरोब्बर. पण करवंटीबरोबर खोबरं किती गेलं, हे बघायला नको?"

तिथे मी तोंड मिटून बसायला हवं होतं. "बघा की," मी म्हटलं.

मग रोज दुपारी ते बघणं सुरू झालं. जेवण झालं, मागचं आवरलं, पाठ जमिनीला टेकवावी म्हणून मी चटई पसरली, की बाहेरच्या खोलीतून हाक यायची, "गोदा, जरा ये गं." टेबलावर लॅपटॉप, त्याच्यावर आयएसओ. भिंतीवर टीव्ही, त्याच्यात पेनड्राइव्ह, त्याच्यावर एमपीफोर. दोन्हीकडे एकच दृश्य. आणि दृश्य कुठलं? खोकाभर नाटकं सोडून माझंच. मी कपबशी घेऊन येते, थांबते, विंगेकडे बघत राहते.

"दुसरं काही लावा ना," मी म्हणायचे. "राजा आहे, राक्षस आहे, केवढी ती गदा आहे."

"कसोटीला हेच बरं," ते म्हणायचे आणि पुन्हा मागे न्यायचे. "आता बघ. लॅपटॉपवर तुझा चेहरा स्वच्छ. टीव्हीवर बघ, मधोमध पुसल्यासारखा. नाक-डोळे सगळं एकात एक. दाबण्यात गेलं ते. कडेचे पडदे बघ, त्यांची नक्षी कशी टिकलीय. चेहराच खाल्ला नेमका."

मी बघायचे. मला दोन्हीकडे माझाच वेंधळा चेहरा तेवढाच स्वच्छ दिसायचा. दुर्दैवाने फारच स्वच्छ. पण मी मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेली बाई, माझ्या डोळ्यांवर कोण विश्वास ठेवणार? "असेल," म्हणून मी चटईकडे परत जायचे. संसारात 'असेल' या शब्दाने माझी जेवढी झोप वाचवली आहे तेवढी कुठल्या औषधाने वाचवली नसेल.

फोनवर सईने समजावलं. "बाबा, डीव्हीडीवर आहे तेच मुळात दाबलेलं आहे. कॅमेऱ्यातून डिस्कवर येतानाच निम्म्याहून जास्त गाळलेलं. आयएसओ म्हणजे त्या गाळलेल्याची नक्कल. मी सांगते तसं एमपीफोर केलंत तर नुसत्या डोळ्याला फरक कळणारसुद्धा नाही. उलट हलणाऱ्या चित्राच्या कडा दातेरी दिसतात ना, त्या साफ होतील."

"म्हणजे उष्ट्याचं उष्टं," यज्ञेश्वर म्हणाले.

"बाबा, तुम्ही नावं झाकून बघा. आईला लावायला सांगा. कुठली कुठली ते तुम्हाला माहीत नको."

झालं. माझी बढती झाली. आता लॅपटॉपची तार टीव्हीला जोडली आणि दोन्ही फाइली टीव्हीवरच लावायच्या. यज्ञेश्वर खुर्चीत डोळे मिटून बसायचे, मी एक फाइल लावायचे, ते डोळे उघडायचे.

"एमपीफोर," ते ठामपणे म्हणाले. "चेहरा गेला."

ती आयएसओ होती. मी सांगितलं.

"मग तारेचा दोष आहे."

श्रीवर्धनहून दुसरी तार आली. तिनेही चेहरा खाल्ला. मग टीव्हीचा दोष. मग खिडकीतून येणाऱ्या उजेडाचा. मी भर दुपारी दारं-खिडक्या लावून उकाड्यात बसले. मग ते म्हणाले, दाबायचं प्रमाण कमी करून बघू. एकेका नाटकाची फाइल करायला लॅपटॉप तासन्‌तास गुरगुरत बसायचा, मधेच वीज जायची, की पुन्हा पहिल्यापासून. फाइली फुगत फुगत आयएसओएवढ्या झाल्या, तरी माझा चेहरा काही परत येईना. एक दिवस नवीनच तक्रार. "हा रंगमंचाचा खांब बघ. सरळ होता ना? इथे मधोमध पोट आल्यासारखा वाकलाय. सरळ रेघसुद्धा सांभाळता येत नाही यांना."

"मला सरळ दिसतोय," मी म्हटलं.

"तुला सगळंच सरळ दिसतं."

त्या दिवशी माझा तोल गेला. मी रिमोट टेबलावर आपटला आणि म्हटलं, "माणूस डोळ्याने बघत नाही, मताने बघतो. तुमचं मत ठरलंय की दाबलेलं वाईट, मग तुम्हाला वाईटच दिसणार. आणि चेहरा पुसला गेला तर जाऊ दे ना! माझाच आहे तो. मला नकोय तो पडद्यावर. गावाने हसून हसून झिजवलाय तो आधीच." यज्ञेश्वरांनी उठून लॅपटॉप बंद केला आणि टीव्हीवर कापड टाकलं. मला वाईट वाटलं नाही. मला नुसती झोप येत होती.

पण गप्प बसतील तर ते यज्ञेश्वर कसले? दुसऱ्या दिवशी पुन्हा खुर्चीत. फक्त मला हाक मारली नाही. मी आतून ऐकत होते. कपबशी घेऊन माझी पावलं, मग ती शांतता, मग विंगेतून येणारा तो पुसट आवाज, मग मी. मागे नेलं. पुन्हा पावलं. एवढं करून ते टीव्हीच्या इतक्या जवळ जाऊन बसायचे की मला वाटायचं, आता हा माणूस आत शिरतो.

पौषात सुपारी पाडायला नामा आला. हा दर वर्षीचा माणूस. पायांना दोरीचं कडं अडकवून पोफळीवर चढतो, वर गेला की झाड हलवून झोका घेतो आणि शेजारची पोफळ पकडतो. सगळी रांग संपेपर्यंत जमिनीवर उतरत नाही. यज्ञेश्वर खाली उभे राहून घड कुठे पडतात ते बघतात, मी ते गोळा करते. वर्षानुवर्षं असंच.

त्या सकाळी नामा चौथ्या-पाचव्या झाडावर असेल. तो झोका घ्यायला लागला आणि यज्ञेश्वर एकदम ओरडले, "थांब! नामा, त्या पोफळीवर जाऊ नको! उतर खाली!"

नामाने वरूनच विचारलं, "का वं भाऊ? काय झाला?"

"मधे वाकलीय ती. मोडेल. दिसत नाही तुला?"

"कंची?"

"ही समोरची. आणि तिच्या पलीकडची पण." ते मान इकडून तिकडे करत होते. "अरे, सगळी रांगच... वादळाने गेल्या की काय या? मधोमध पोट आलंय एकेकीला."

"भाऊ, सरल हाय की पोफल," नामा म्हणाला. "वैनी, तुमीच बघा."

मी बघितलं. सकाळचं ऊन होतं, वारा नव्हता. पोफळी लावल्यापासून जशा आहेत तशा, ओळंब्यात उभ्या. त्यांच्यात वाकडं काहीच नव्हतं.

मधोमध पोट आलंय. हे शब्द मी कुठे ऐकले ते मला लगेच आठवलं आणि माझ्या हातातला घड खाली पडला. वाडीत कुठलं आलंय आयएसओ आणि कुठलं एमपीफोर? इथे कोण काय दाबणार? तार नव्हती, टीव्ही नव्हता, खिडकी नव्हती. जे होतं ते मूळ होतं, आणि तेही त्यांना वाकडं दिसत होतं.

मी नामाला खाली यायला सांगितलं. मग यज्ञेश्वरांच्या जवळ गेले आणि म्हटलं, "अहो, उजवा डोळा हाताने झाका आणि नामाकडे बघा."

"कशाला?"

"मी सांगते म्हणून. इतके दिवस मी तुमच्या सांगण्यावरून डोळे फोडले, आज तुम्ही माझं ऐका."

त्यांनी तळहात उजव्या डोळ्यावर ठेवला. नामा समोर दहा पावलांवर उभा होता, कमरेला कोयता, कपाळावर घाम. यज्ञेश्वर बघत राहिले. मग हात काढला, पुन्हा ठेवला.

"नामाला डोकं नाही," ते म्हणाले. आवाज अगदी साधा होता. "खांदे आहेत, पाय आहेत. वर नुसता धूर आहे."

नामा हसायला गेला आणि माझ्या तोंडाकडे बघून थांबला.

मला वाटलं होतं, आता तरी हा माणूस घाबरेल. छे! घरात येईपर्यंत चष्म्याचा दोष ठरला होता. नंबर बदलला असेल, माघ झाला की बघू, आधी मंडळाचं काम. मी अजेयला फोन करून गाडी मागवली, डबा भरला, त्यांचा सदरा खुंटीवरून काढून त्यांच्या अंगावर टाकला. "तुमच्या मंडळाचं काम गेलं खड्ड्यात," म्हटलं. "तुम्ही गाडीत बसताय की मी नामाला उचलायला सांगू?" इतक्या वर्षांत मी त्यांच्याशी असं कधी बोलले नव्हते. ते मुकाट्याने चपला शोधायला लागले. चपला पायाजवळच होत्या.

पनवेलच्या डोळ्यांच्या दवाखान्यात गर्दी होती. तरुण डॉक्टरीण होती, माझ्या सईएवढी. तिने डोळ्यांत थेंब घातले, यंत्रावर हनुवटी टेकवायला लावली, आणि मग हातात एक कागद दिला. त्याच्यावर नुसत्या चौकटी, गणिताच्या वहीत असतात तशा. "आजोबा, एकेक डोळा झाकून सांगा, काय दिसतं?"

यज्ञेश्वरांनी कागद नीट निरखला. "छपाई वाईट आहे," ते म्हणाले. "मधल्या रेघा वाकड्या आल्यात. आणि दुसऱ्या डोळ्याने बघितलं तर मधला भाग छापायचाच राहिलाय."

डॉक्टरीण हसली नाही. तिने तो कागद माझ्या हातात दिला. मी बघितला. छपाई उत्तम होती. मला तिथे, त्या खुर्चीत, सगळ्यांच्या देखत रडू आलं आणि मी ते आवरलंही नाही.

तिने समजावून सांगितलं. डोळ्याच्या आत मागच्या बाजूला, बरोबर मधोमध, जिथून आपण अक्षरं आणि चेहरे बघतो, तिथे पाणी साठलं आहे. डाव्यात उशीर झाला, वण धरला. तो आता परत यायचा नाही. उजव्याचं अजून हातात आहे. दर महिन्याला डोळ्यात इंजेक्शन घ्यावं लागेल आणि एकही चुकवायचं नाही. आंधळेपणा येणार नाही, बाजूचं दिसत राहील, पण मधे एखादा डाग राहू शकतो. "दोन-तीन महिने आधी आला असतात तर," ती म्हणाली. मी मनातल्या मनात मोजलं. दोन-तीन महिन्यांपूर्वी आमच्याकडे खोका आला होता.

तिने यंत्रावरचं चित्र दाखवलं, डोळ्याच्या आतलं. यज्ञेश्वर पुढे वाकून बघत म्हणाले, "हे मूळ चित्र आहे, की दाबलेलं?"

"मूळच आहे, आजोबा."

"मग ठीक आहे," ते म्हणाले आणि खुर्चीत मागे टेकले.

परतीच्या वाटेवर माणगाव आलं. यज्ञेश्वरांच्या उजव्या डोळ्यावर पहिल्या इंजेक्शनची पट्टी होती, डाव्यात नुसता धूर. मी त्यांचा हात हातात धरून बसले होते. आधारासाठी असेल, की पळून जाऊ नयेत म्हणून, सांगता यायचं नाही. मग मीच विचारलं, कारण इतके दिवस ते मनात होतं.

"एवढी नाटकं होती. माझंच दृश्य का लावायचात रोज? माझी फजिती बघायला?"

"फजिती?" त्यांना खरंच आश्चर्य वाटलं. "अगं, नक्कल चांगली की वाईट हे ठरवायचं तर मूळ माहीत असावं लागतं. त्या राजाचं, राक्षसाचं मूळ मला कुठे माहीत आहे? मी विंगेतून त्यांच्या पाठीच बघितल्या. तू तेवढी माझ्याकडे तोंड करून उभी राहिलीस. कॅमेऱ्यापेक्षा मी जवळ होतो." मग म्हणाले, "ते मूळ मी बघितलंय. म्हणून रोज लावून बघत होतो. रोज थोडं कमी दिसत होतं. मला वाटलं, फाइल खराब होतेय."

मी खिडकीबाहेर बघत बसले. इतकी वर्षं सगळ्या गावाने माझी फजिती बघितली आणि एका माणसाने माझं तोंड बघितलं, हे मला गाडीत बसून कळत होतं, आणि तेही आता, जेव्हा त्याला बघता येत नव्हतं. मला त्यांचा राग आला. आधी सांगायला काय झालं होतं? मी चटई सोडून बसले असते की रोज त्या टीव्हीसमोर.

बाकीच्या फाइली सईने पुण्याहून येऊन एका शनिवार-रविवारी उरकल्या. एमपीफोर, सगळ्या. आयएसओही करून एका डब्यात ठेवल्या, बाबांच्या समाधानासाठी. यज्ञेश्वरांनी एकदाही विचारलं नाही की दाबायचं प्रमाण किती ठेवलं. त्याचंच मला जास्त वाईट वाटलं. वाद घालणारा नवरा त्रासदायक असतो, पण वाद सोडून दिलेला नवरा बघवत नाही.

माघ आला. उत्सवाच्या दुसऱ्या दुपारी सभामंडपात पडदा लावला होता. तोवर यज्ञेश्वरांची दोन इंजेक्शनं झाली होती. खांब पुष्कळसे सरळ झाले होते, पण मधला डाग होताच. आम्ही पुढे बसलो. अजेयने आधी राजाचं नाटक लावलं, मग राक्षसाचं, आणि मग माझं. मागून कुणीतरी आधीच म्हटलं, "आता चहा येणार." हशा झाला. मी पदर सावरून ताठ बसले.

बघते तर यज्ञेश्वर पडद्याकडे बघतच नव्हते. त्यांचं तोंड पडद्याच्या शेजारच्या दगडी खांबाकडे होतं.

"अहो," मी कुजबुजले, "पडदा इकडे आहे."

"माहीत आहे," ते म्हणाले. "डॉक्टरीणबाईंनी शिकवलंय. सरळ बघितलं तर तू जातेस. खांबाकडे बघितलं की कडेला दिसतेस." आणि मग, "चांगलं आलंय गं. सईला सांग. काही गेलेलं नाही."

पडद्यावर मी कपबशी घेऊन आले. थांबले. मान वळवून विंगेकडे बघायला लागले. मंडपात मागच्या मुलांचं खिदळणं सुरू झालं, बायका एकमेकींना कोपरखळ्या मारायला लागल्या. पडद्यावरची मी नुसती बघत होते, तोंड अर्धवट उघडं, डोळे मोठे. इतक्या वर्षांत मी पहिल्यांदाच ते तोंड नीट बघितलं. ते काही घाबरलेलं नव्हतं. ज्याच्याकडून शब्द येणारच याची खात्री आहे, त्याच्याकडे बघणारं तोंड होतं ते.

शेजारी यज्ञेश्वरांनी श्वास घेतला. मग खांबाकडे बघत, ओठ न हलवल्यासारखं, त्या त्यांच्या विंगेतल्या आवाजात ते म्हणाले,

"भाऊजी, चहा निवतोय."

आणि पडद्यावर मला आठवलं.